पाया बदलला की पूर्ण संख्येचं काय बदलतं: लिहिण्यापासून पारखण्यापर्यंत

पाया ७ मध्ये, म्हणजे दहादहाऐवजी सातसातच्या गटांनी मोजून, लिहिलेली २३२ ही संख्या सम की विषम? शेवटचा २ पाहून बहुतेक मुलं ‘सम’ म्हणतात. उत्तर चूक आहे. ती संख्या म्हणजे आपली नेहमीची १२१, आणि १२१ विषम आहे. इथे नियम पाठ नव्हता असं नाही. नियम दहाच्या पायाचा होता आणि तो सातच्या पायात जसाच्या तसा नेला. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत आणि शाळेच्या फळ्यावर या विषयात ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक याच एका सवयीतून येतात.

म्हणून कोणतंही उदाहरण हाती घेतलं की आधी एक गोष्ट ठरवा: विचारलेला गुण संख्येचा आहे की लिखाणाचा? सम-विषम, मूळ संख्या, पूर्ण वर्ग हे संख्येचे गुण. पाया कोणताही घ्या, ते हलत नाहीत. शेवटी शून्य येणं, अंकांची बेरीज, उलटसुलट सारखं वाचलं जाणं हे लिखाणाचे गुण. पाया बदलला की तेही बदलतात. हा भेद हातात बसेपर्यंत खालच्या पायऱ्या क्रमानेच करा, मधली गाळू नका.

पायरी १: तयारी

चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एकच अंक. सोबत तुराट्यांचे बोटभर लांबीचे सव्वाशे-दीडशे तुकडे आणि थोडी सुतळी. विदर्भात तुरीचं पीक निघालं की तुराट्या घरोघरी असतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या शक्यतो घेऊ नका. त्यांना फांद्या आणि गाठी असतात, जुडी सरळ बसत नाही आणि काड्या निसटतात. तुराटीसुद्धा वरच्या बारीक टोकाची घ्या, जाडी सारखी राहते.

आता १२१ काड्या मोजून ओट्यावर ठेवा आणि सातसातच्या जुड्या बांधा. सतरा जुड्या होतील, दोन काड्या सुट्या राहतील. मग सात जुड्यांचा एक भारा बांधा. दोन भारे होतील, तीन जुड्या उरतील, दोन काड्या सुट्या. डावीकडे भारे, मध्ये जुड्या, उजवीकडे सुट्या काड्या मांडा: २, ३, २. हीच पाया ७ मधली २३२.

ओट्यावर एक गोष्ट आपोआप दिसते. सुट्या काड्या सहापर्यंतच राहू शकतात. सातवी आली की जुडी बांधावीच लागते. म्हणून पाया ७ मध्ये ० ते ६ एवढेच अंक असतात, ७ हा अंक नसतो. पाया कितीही असो, सर्वांत मोठा अंक त्याच्यापेक्षा एकने लहान.

वहीच्या पहिल्या पानावर स्थानांच्या किमती लिहून ठेवा. पाया ७ साठी १, ७, ४९, ३४३, २४०१. पाया १२ साठी १, १२, १४४, १७२८. पाया ३ साठी १, ३, ९, २७, ८१, २४३.

जपा: २३२ (पाया ७) ही संख्या ‘दोनशे बत्तीस’ अशी वाचू नका. शंभर, वीस, तीस हे शब्द दहाच्या पायाचे आहेत. ‘दोन-तीन-दोन, पाया सात’ असंच म्हणा. वर्गात शिक्षक एकदा जरी ‘दोनशे बत्तीस’ म्हणाले, तरी पुढची बेरीज मुलं दहाचा हातचा धरूनच करतात.

पायरी २: भागाकाराने रूपांतर

उदाहरण ३६५ चं घेऊ. सातने भागत जायचं, प्रत्येक वेळी बाकी बाजूला लिहायची, आणि भागाकार शून्य होईपर्यंत थांबायचं नाही.

३६५ ÷ ७ = ५२, बाकी १
५२ ÷ ७ = ७, बाकी ३
७ ÷ ७ = १, बाकी ०
१ ÷ ७ = ०, बाकी १

बाक्या खालून वर वाचा: १०३१ (पाया ७).

खालून वर का? पहिल्या भागाकारात उरलेली बाकी म्हणजे सुट्या काड्या, त्यांची जागा उजवीकडे. दुसरी बाकी जुड्यांची, तिसरी भाऱ्यांची. सर्वांत मोठा गठ्ठा शेवटी हाती येतो, पण लिहिताना तो सर्वांत डावीकडे जातो.

इथे तीन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, वरून खाली वाचणं: मग १३०१ येतं, म्हणजे ४९१. दुसरी, ‘बाकी शून्य आहे, तिला काय लिहायचं’ म्हणून शून्य सोडून देणं: मग १३१ उरतं, म्हणजे फक्त ७१. तिसरी चूक सर्वांत जास्त लपून राहते. भागाकार सातपेक्षा लहान झाला की मुलं थांबतात आणि शेवटचा १ लिहायचा राहतो. मग ०३१ येतं, म्हणजे २२. थांबण्याची खूण ‘भागाकार ०’ हीच ठेवा.

तपासा: उत्तर उलटं उलगडा. डावीकडून सुरू करून सातने गुणायचं आणि पुढचा अंक मिळवायचा. १; मग १×७+० = ७; मग ७×७+३ = ५२; मग ५२×७+१ = ३६५. मधले ७ आणि ५२ हे वरच्या भागाकारात आलेले आकडेच आहेत. ते जुळले नाहीत तर चूक नेमक्या कोणत्या ओळीत झाली हेही लगेच कळतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, ते कधीही टाळू नका.

मोठ्या घातापासून वजाबाकी करत येण्याचीही रीत आहे: ३६५ मधून एक ३४३ काढा, उरले २२, त्यात ४९ बसत नाही म्हणून तिथे ०, २२ मध्ये ७ तीनदा, उरला १. तोंडी करायला ही बरी पडते. मात्र न बसणाऱ्या स्थानावर शून्य लिहायला हिच्यात माणूस हमखास विसरतो. नवख्याने भागाकाराचीच रीत धरावी.

पायरी ३: पाया दहापेक्षा मोठा असेल तेव्हा

बाराच्या पायात दहा आणि अकरा हे एकेक अंक आहेत, दोन-दोन नाहीत. त्यांना स्वतंत्र खूण लागते. इथे दहासाठी ‘द’ आणि अकरासाठी ‘अ’ वापरू.

बाजारातली बांगडीवाली बाई २७५ बांगड्या डझनांत लावते असं समजा. बारा डझनांचा एक ग्रोस, म्हणजे १४४.

२७५ ÷ १२ = २२, बाकी ११ (अ)
२२ ÷ १२ = १, बाकी १० (द)
१ ÷ १२ = ०, बाकी १

उत्तर: १दअ (पाया १२). एक ग्रोस, दहा डझन, अकरा सुट्या. पडताळा: १४४ + १२० + ११ = २७५.

जपा: खूण न वापरता ‘११०११’ असं लिहिलं तर ती पाच अंकी संख्या होते. तिची किंमत पाया १२ मध्ये २०७३६ + १७२८ + ० + १२ + १, म्हणजे २२४७७. कुठे २७५ आणि कुठे हे! बाकी दोन अंकी आली की पेन थांबवा आणि खूण लिहा.

पायरी ४: बेरीज करताना हातचा

पाया ७ मध्ये २३२ आणि ४४३ मिळवायचे आहेत. उजवीकडून: २+३ = ५. पुढे ३+४ = ७ जुड्या, म्हणजे एक पूर्ण भारा: ० लिहा, हातचा १. पुढे २+४+१ = ७, पुन्हा ० आणि हातचा १. उत्तर १००५ (पाया ७).

पडताळा: १२१ + २२७ = ३४८, आणि ३४३ + ५ = ३४८. जुळलं.

६७५ लिहिणारे पुष्कळ सापडतील. ते उत्तर चूक आहे हे पडताळा न करताही दिसायला हवं, कारण त्यात ७ हा अंक आहे आणि पाया ७ मध्ये तो अंकच नाही. कोणतंही उत्तर लिहून झालं की आधी अंकांवरून नजर फिरवा: पायाएवढा किंवा त्याहून मोठा एकही अंक दिसता कामा नये.

पायरी ५: काय बदललं, काय नाही

आता १२१ ला वेगवेगळ्या पायांत मांडा. हे स्वतः करून पाहा, उत्तरं इथे फक्त जुळवण्यासाठी आहेत.

पाया २: ११११००१
पाया ३: १११११
पाया ४: १३२१
पाया ५: ४४१
पाया ६: ३२१
पाया ७: २३२
पाया ८: १७१
पाया ९: १४४
पाया ११: १००
पाया १२: द१

या सगळ्या ओळींत संख्या एकच आहे: ११ × ११. प्रत्येक ओळीत ती विषम आहे, पूर्ण वर्ग आहे, आणि मूळ संख्या नाही. पाया ७ मध्ये ११ ला १४ लिहितात. १४ × १४ सातच्या हातच्याने करून पाहा, २३२ च येईल. हा गुणाकार वहीत पूर्ण मांडा, कारण पाया बदलला तरी गुणाकार तोच राहतो हे इथेच पटतं.

उलटसुलट सारखं वाचलं जाणं मात्र ओळीओळीला बदलतं. पाया ३, ७, ८ आणि १० मध्ये ते आहे. पाया ४, ५, ६, ९ मध्ये नाही. शेवटी शून्यं फक्त पाया ११ मध्ये आली. म्हणून ‘१२१ ही उलटसुलट सारखी संख्या आहे’ हे विधान अर्धवट आहे. कोणत्या पायात, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आणखी एक सुंदर गोष्ट, जी परीक्षेतही उपयोगी पडते. ‘१२१’ असं लिखाण कोणत्याही पायात घ्या, ती संख्या पूर्ण वर्गच असते. पाया ७ मध्ये १२१ म्हणजे ४९ + १४ + १ = ६४, आठाचा वर्ग. पाया १२ मध्ये १४४ + २४ + १ = १६९, तेराचा वर्ग. नेहमी पायापेक्षा एकने मोठ्या संख्येचा वर्ग. अट एवढीच की २ हा अंक चालला पाहिजे, म्हणजे पाया ३ किंवा त्याहून मोठा हवा. ‘१४४’ चंही तसंच: पाया ५ पासून पुढे ती नेहमी पायापेक्षा दोनने मोठ्या संख्येचा वर्ग. यादीत पाया ९ समोर १४४ आहे, नऊ आणि दोन अकरा, अकराचा वर्ग १२१. ताळा बसला.

पायरी ६: विभाज्यतेच्या कसोट्या नव्याने बांधणे

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. कसोट्या पाठ करण्याऐवजी काड्यांवर समजून घेतल्या तर कोणत्याही पायात स्वतः तयार करता येतात.

शेवटच्या अंकाची कसोटी. शेवटचा अंक म्हणजे सुट्या काड्या, उरलेलं सगळं जुड्यांत आहे. म्हणून पाया ज्या संख्यांनी विभागला जातो त्यांचीच कसोटी शेवटच्या अंकावरून होते. बाराच्या पायात २, ३, ४, ६ आणि १२ एवढ्यांची कसोटी शेवटच्या एका अंकावर होते. दहापेक्षा हा पाया सोयीचा आहे तो यामुळे. सातच्या पायात मात्र शेवटचा अंक फक्त ७ ची कसोटी देतो. सम-विषम, तीन, चार यांबद्दल तो काहीही सांगत नाही.

अंकांच्या बेरजेची कसोटी. एक जुडी सोडा. सहा काड्या बाजूला ठेवा, एक उरते. एक भारा सोडा: ४९ मधल्या ४८ काड्या सहासहाच्या गटांत निघून जातात, पुन्हा एक उरते. ३४३ चंही तेच, ३४२ निघतात आणि एक उरते. म्हणजे गठ्ठा केवढाही असो, सहाने वाटला की प्रत्येक गठ्ठ्यामागे एकच काडी उरते. म्हणून पाया ७ मध्ये अंकांची बेरीज सहाने भागून जी बाकी येते, तीच त्या संख्येची बाकी. सहाचे विभाजक २ आणि ३ यांनाही हीच कसोटी लागू पडते.

१०३१: बेरीज १+०+३+१ = ५. म्हणून ३६५ ला सहाने भागल्यास बाकी ५. ५ विषम, म्हणून संख्या विषम.
२३२: बेरीज ७. विषम. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळतं.

दहाच्या पायात नऊची कसोटी अंकांच्या बेरजेने होते, कारण नऊ हा दहापेक्षा एकने लहान आहे. बाराच्या पायात ती जागा अकराची. १दअ ची बेरीज १+१०+११ = २२, अकराने भाग जातो; २७५ = २५ × ११.

जपा: पाया विषम असेल (३, ५, ७, ९) तर सम-विषम अंकांच्या बेरजेवरून ठरतं. पाया सम असेल (६, ८, १०, १२) तरच शेवटच्या अंकावरून. वहीत ही एक ओळ लाल शाईने लिहा.

एक आड एक बेरीज-वजाबाकी. सात म्हणजे आठ उणे एक. ४९ म्हणजे ४८ अधिक एक. ३४३ म्हणजे ३४४ उणे एक. ४८ आणि ३४४ दोन्ही आठच्या पटीत. म्हणून आठची कसोटी: उजवीकडून सुरू करून एक अंक मिळवा, पुढचा वजा करा, असं करत जा. १०३१ साठी १ − ३ + ० − १ = −३. ऋण आलं तर आठ मिळवा: ५. खरंच, ३६५ = ८ × ४५ + ५. डावीकडून सुरुवात केली की अंकांची संख्या सम असताना चिन्ह उलटतं आणि बाकी चुकते; १०३१ डावीकडून केल्यास ५ ऐवजी ३ येईल. भाग जातो की नाही एवढंच पाहायचं असेल तर चालून जातं, बाकी हवी असेल तर नाही.

पाया ७ मध्ये पाचची कसोटी कशी? ४९ म्हणजे ५० उणे एक, म्हणून अंकांच्या जोड्या करा. १०३१ च्या जोड्या १० आणि ३१, म्हणजे आपले ७ आणि २२. उजवीकडून २२ − ७ = १५, पाचने भाग जातो. ३६५ ला जातोच.

वर्गाची चाळणी. पाया ७ मध्ये पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक ०, १, २ किंवा ४ एवढाच असू शकतो. ३, ५, ६ आला की ती संख्या पूर्ण वर्ग नाही, पुढे शोधू नका. ही कसोटी एकतर्फी आहे. १०३१ च्या शेवटी १ आहे, तरी ३६५ पूर्ण वर्ग नाही. १९ चा वर्ग ३६१ आणि २० चा ४००. जाता जाता, ४०० ला सातच्या पायात लिहा: ११११.

पायरी ७: आठवडी बाजाराचा वार काढणे

सातचा पाया गावात रोजच्या उपयोगाचा आहे. वर्षातला दिवस कितवा हे मोजून तो क्रमांक पाया ७ मध्ये लिहिला की शेवटचा अंक वार सांगतो.

१ जानेवारी २०२६ ला गुरुवार आहे, म्हणून २०२६ साठी शेवटच्या अंकाप्रमाणे वार असे: १ गुरुवार, २ शुक्रवार, ३ शनिवार, ४ रविवार, ५ सोमवार, ६ मंगळवार, ० बुधवार.

२६ जानेवारी: २६ वा दिवस, ३५ (पाया ७), शेवटी ५, सोमवार.
१ मे: १२१ वा दिवस, २३२, शेवटी २, शुक्रवार.
१५ ऑगस्ट: २२७ वा दिवस, ४४३, शेवटी ३, शनिवार.

गावचा बाजार मंगळवारी भरत असेल तर ज्या दिवसांच्या क्रमांकाशेवटी ६ येतो ते सगळे बाजाराचे दिवस. शेवटचा अंक सोडून उरलेला भाग किती आठवडे पूर्ण झाले ते सांगतो: ४४३ मधला ४४ म्हणजे ४ × ७ + ४ = ३२ आठवडे. आणि ३६५ म्हणजे १०३१, शेवटी १. वर्षाचा पहिला आणि शेवटचा वार एकच, म्हणून लीप नसलेलं वर्ष संपलं की पुढचं वर्ष एक वार पुढे सरकून सुरू होतं.

जपा: सातव्या दिवसासाठी ७ हा अंक शोधू नका, सात म्हणजे १०, शेवटी शून्य. आणि लीप वर्षात (पुढचं २०२८) २९ फेब्रुवारीनंतरच्या प्रत्येक दिवसाचा क्रमांक एकने वाढतो. १ मे तेव्हा १२२ वा होतो.

पायरी ८: स्थानागणिक पाया वेगळा असेल तेव्हा

क्रिकेटची षटकं आपण १८.४ अशी लिहितो. तो दशांश नाही. टिंबाच्या उजवीकडे सहाचा पाया आहे. १८.४ षटकं म्हणजे १८ × ६ + ४ = ११२ चेंडू. ७.५ आणि ६.३ षटकांची बेरीज १३.८ नाही, १४.२ आहे: ५+३ = ८ चेंडू, त्यातले सहा म्हणजे एक षटक, उरले दोन.

जमिनीच्या बाबतीत हीच चूक महागात पडते. एकराचे ४० गुंठे. कागदावर कुणी ‘२.२०’ लिहून ठेवलं आणि त्याचा अर्थ दोन एकर वीस गुंठे असेल, तर ती अडीच एकर जमीन आहे. दशांश समजून हिशेब केला की २.२ एकर, म्हणजे दोन एकर आठ गुंठेच धरले जातात. बारा गुंठ्यांचा फरक. हेक्टर-आर मात्र खरोखर दशमान आहे, हेक्टरचे १०० आर. तिथे टिंब दशांशासारखं वाचलं तर चालतं. आधी एकक विचारा, मगच आकडा वाचा.

बेरजेचा क्रम ठरलेला आहे: ३ एकर २५ गुंठे आणि १ एकर ३० गुंठे. गुंठे ५५, त्यातले ४० म्हणजे एक एकर, उरले १५. एकर ३+१+१ = ५. उत्तर ५ एकर १५ गुंठे. कॅल्क्युलेटरवर ३.२५ + १.३० केलं तर ४.५५ येतं आणि ते दिसायला बरोबर वाटतं, म्हणून जास्त धोक्याचं.

पायरी ९: तराजू आणि तिनाचा पाया

पाया ३ मध्ये अंक ०, १, २. पण दोन पारड्यांच्या तराजूसाठी २ ऐवजी ‘उणे एक’ हा अंक घेतला तर फार सोयीचं होतं. त्याला ‘उ’ म्हणू. १ म्हणजे वजन वजनाच्या पारड्यात, उ म्हणजे वजन मालाच्या पारड्यात, ० म्हणजे वजन बाजूला.

वाळू भरलेल्या चार पुरचुंड्या करा: ५०, १५०, ४५० आणि १३५० ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमला एक धरून १, ३, ९, २७. दुकानात १, २, ५ च्या क्रमाची वजनं मिळतात, ही मिळणार नाहीत. इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजूनच भरा. कापड आणि सुतळीसकट वजन बरोबर आलं पाहिजे. लहान पुरचुंडीत कापडाचाच दहा-पंधरा ग्रॅमचा फरक पडू शकतो आणि मग काहीच जुळत नाही. सुरू करण्याआधी रिकाम्या तराजूचा पासंग, म्हणजे दोन पारड्यांतला वजनाचा फरक, पाहून घ्या.

आता १२५० ग्रॅम तूरडाळ तोलायची आहे, म्हणजे २५ एकक. तिनाने भागा. बाकी २ आली की उ लिहा आणि भागाकारात एक वाढवा, कारण दोन म्हणजे तीन उणे एक.

२५ ÷ ३ = ८, बाकी १: लिहा १
८ ÷ ३ = २, बाकी २: लिहा उ, भागाकार ३ करा
३ ÷ ३ = १, बाकी ०: लिहा ०
१ ÷ ३ = ०, बाकी १: लिहा १

खालून वर: १ ० उ १. म्हणजे २७ − ३ + १ = २५. एका पारड्यात १३५० आणि ५०, दुसऱ्यात डाळ आणि १५० ची पुरचुंडी. काटा मध्यावर येईपर्यंत डाळ घाला.

भागाकारात एक वाढवायचं विसरणं ही इथली नेहमीची चूक. मग उ उ १ येतं, म्हणजे −९ − ३ + १ = −११. ही चूक ओळखणं सोपं आहे: डावीकडचा पहिला अंक उ असेल तर संख्या ऋण असते, आणि ऋण वजनाची डाळ नसते. सम-विषमही इथे पटकन कळतं. ३ चे सगळे घात विषम, म्हणून शून्य नसलेले अंक मोजा: १ ० उ १ मध्ये तीन आहेत, संख्या विषम.

चारही पुरचुंड्या एका पारड्यात ठेवल्या की १ + ३ + ९ + २७ = ४०, म्हणजे दोन किलो. एक ते चाळीसमधला प्रत्येक एकक या चार पुरचुंड्यांनी तोलता येतो, आणि प्रत्येकाची मांडणी एकच असते: चार पुरचुंड्या, प्रत्येकीच्या तीन जागा, एकूण ८१ मांडण्या, आणि −४० ते ४० या संख्याही बरोबर ८१. दोन किलोच्या पुढे जायचं असेल तर पाचवी पुरचुंडी ८१ एककांची, म्हणजे ४ किलो ५० ग्रॅमची करा. मग पाचही मिळून १२१ एककांपर्यंत, ६ किलो ५० ग्रॅमपर्यंत तोल जातो. पायरी ५ च्या यादीत पाया ३ समोर १२१ कशी लिहिली होती ते पाहा: पाच एक.